जाडी मॅग्नम आणि टायरचं अस्वल

मी बोलतेय. घाबरू नका, आत्ता माझ्यात एकही काडतूस नाही, आणि असतं तरी आपणहून तोंड उघडायची मला सवय नाही. मी चव्वेचाळीस मॅग्नमची रिव्हॉल्व्हर. अस्सल पोलादाची, लांब नळीची आणि अंगानं चांगलीच भरलेली. बेटावरचे लोक मला जाडी म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता लाडानं म्हणतात. मधे काय घडलं तेच तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म इथून फार लांब, दक्षिणेकडच्या मुख्य भूमीवरच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या पोलादावर घण पडले, मग कुणी भोकं पाडली, कुणी घासलं, कुणी सहा घरांचं चक्र बसवलं. सगळ्यात शेवटी एका चष्मेवाल्या बाईनं मला कानाशी धरून चक्र फिरवलं, त्याचा आवाज ऐकला आणि समाधानानं मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यावर मी पुढची बरीच वर्षं काढली, कारण त्यानंतर माझं कौतुक असं फारसं कुणी केलंच नाही.

माझा पहिला मालक धिप्पाड होता. शहरातून आलेल्या पाहुण्यांना रानात अस्वलं दाखवायला न्यायचा. मला कमरेला लावून तो फोटो काढून घ्यायचा आणि पाहुणे गेले की खुर्चीवर फेकायचा. त्याला माझं रूप आवडायचं, वजन आवडायचं नाही. एका उन्हाळ्यात कंटाळून त्यानं मला टॉर्लेफच्या दुकानात टेकवलं आणि बदल्यात होडीचं जुनं इंजिन उचलून नेलं. मला वाईट वाटलं, कशाला लपवू? निदान नवं इंजिन तरी न्यायचं.

टॉर्लेफचं दुकान म्हणजे आमच्या बेटावरचं सगळं जग. रबरी बूट, मोठ्या माशांचे गळ, दोरखंड, कॉफी, रेनकोट आणि काचेच्या कपाटात आम्ही. टॉर्लेफ हा नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांचा नातू. उभा जन्म बंदुका चालवून त्याचे कान गेलेत, त्यामुळे दुकानात येणारा प्रत्येक जण ओरडूनच बोलतो. गावातली एकही गोष्ट माझ्यापासून लपून राहिली नाही ती त्याच्या कानांमुळे.

मला बघायला लोक यायचे ते थेट स्थळ बघायला आल्यासारखे. हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे, एकमेकांना डोळा मारायचे. "हिला रानात न्यायची म्हणजे उचलायला दुसरा माणूस हवा," असं म्हणून परत ठेवायचे. शेजारच्या खणात टायटॅनियमची एक सडपातळ पोरगी होती. माझ्याच मापाची काडतुसं घ्यायची, पण वजनानं माझ्या निम्मीसुद्धा नव्हती. ती आली की चार दिवसांत खपायची आणि तिच्या जागी तिचीच दुसरी बहीण यायची. मी आपली धूळ खात बसलेली.

आमच्याकडची माणसं तशी हुशार. होडी घेताना लाट बघतात, बूट घेताना चिखल बघतात. बंदूक घेताना मात्र चालताना ओझं किती होईल एवढंच बघतात. मग सगळ्यात हलकी बंदूक उचलतात आणि तिच्यात सगळ्यात जोराचं काडतूस भरतात, कारण समोर येणार ते तपकिरी अस्वल. ही चूक इतक्या जणांनी माझ्या डोळ्यांदेखत केलीय की मला तिची सवयच झाली होती. पण फिनाच्या बाबतीत ती झाली तेव्हा मला खरोखर चुटपूट लागली.

फिनाचं पूर्ण नाव अग्राफिना. साठी ओलांडलेली, बुटकी, हात लहान पण जन्मभर जाळी ओढून घट्ट झालेले. नदीच्या मुखाशी तिची खोपटी आहे आणि शेजारी मासे धुरवायची लाकडी कोठी. उन्हाळ्यात सॅमन मासा नदीत चढतो तेव्हा गावातली अर्धी माणसं अशा खोपट्यांवर जाऊन राहतात, वर्षाचा मासा धुरवून आणतात. नवरा मॅक्सिम होता तोवर दोघं जायची. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ झोसिम बरोबर जायला लागला.

झोसिम माणूस वाईट नाही. लाकडं फोडतो, पाणी आणतो. पण त्याचं तोंड सकाळी उठल्यापासून सुरू होतं ते झोपेपर्यंत. मासा असा कापा, मीठ एवढं घाला, साखर घातलीच पाहिजे, धूर कमी झाला, धूर जास्त झाला. फिनानं तीन पिढ्यांचं धुरवणं हातात घेऊन त्याच्यापुढे मान डोलवत उन्हाळे काढले. या वर्षी मात्र तिनं गावात सांगून टाकलं की मी एकटी जाणार. माझा मासा मी माझ्या पद्धतीनं करणार.

आता बेटावर एकटं जायचं तर एक रीत आहे. खोपट्यांवर सोडणारी होडी उलियानाची, आणि उलियाना कुणालाही एकटं सोडत नाही, जोवर त्यानं खडीच्या खाणीत टायर थांबवलेला नाही. जुन्या टायरच्या भोकात पुठ्ठा बसवतात, त्यावर अस्वलाचं तोंड रंगवतात आणि खाणीच्या उतारावरून तो टायर तुमच्या अंगावर सोडतात. खाली पांढरी दोरी असते. टायर दोरीपाशी यायच्या आत पुठ्ठ्यात दोन गोळ्या बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर सोबत घेऊन जा. फिनाच्या बाबतीत सोबत म्हणजे झोसिम, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

एके दिवशी फिनाचा मुलगा केंटी दुकानात आला. बरोबर झोसिमही होता.

"काका, आईच्या हाताला झेपेल असं काहीतरी दाखवा," केंटी टॉर्लेफच्या कानाशी ओरडला.

"हात आणलायस का?"

"काय?"

"आईचा हात. तो बघितल्याशिवाय काय सांगू मी?"

"तिला न सांगता द्यायचीय. भेट म्हणून."

"भेट द्यायची तर टोपी दे," टॉर्लेफ म्हणाला, पण त्यानं टायटॅनियमची पोरगी बाहेर काढली. केंटीनं ती तळहातावर तोलली आणि त्याचा चेहरा उजळला. बिचाऱ्याचं आईवर मनापासून प्रेम आहे. तिच्या मनगटाला त्रास होऊ नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हलकी आहे," टॉर्लेफ म्हणाला, "पण हिच्यात जड काडतूस घालशील तर लाथ घालते."

"अस्वल म्हणजे ससा आहे का काका? सगळ्यात जोराचंच द्या."

"बायकामाणसाला हलकीच बरी," झोसिमनं तोंड घातलं. "आणि चालवायचीय कुठे वहिनींना? मी असणारच आहे की बरोबर."

टॉर्लेफनं खांदे उडवले आणि पोरगी खोक्यात बांधून दिली. त्याचा मला राग आला. पण दुकानदारानं तरी किती जणांशी वाद घालायचा?

रविवारी चर्च सुटल्यावर खाणीत टायर सोडले. सोमवारी दुकान उघडतंय तोच फिना आत आली. उजव्या हाताच्या अंगठ्याचं बेचकं काळंनिळं झालेलं, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणू की रडू, मला ठरवता येईना.

"काय झालं गं?" टॉर्लेफनं विचारलं.

"काय व्हायचंय? पहिली गोळी झाडली, वाटलं हात मनगटातून गेला. दुसरी झाडली ती डोळे मिटून. तिसऱ्या वेळी चापच ओढला जाईना. चक्र जागचं हलेना. टायर आला तसा माझ्या शेजारून निघून गेला आणि उलियानाच्या गाडीला जाऊन धडकला."

"बघू."

तिनं पिशवीतून पोरगी काढली. टॉर्लेफनं चष्मा लावला, चक्राच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच शिट्टी मारली. दोन घरांतल्या काडतुसांच्या गोळ्या टरफलातून सुटून पुढे सरकल्या होत्या आणि चक्राबाहेर डोकावत होत्या. हलक्या बंदुकीला जड काडतुसाचा असा हिसका बसतो की अजून न झाडलेल्या गोळ्या जागा सोडतात. त्या पुढच्या चौकटीला अडतात आणि चक्र अडकतं. समोर खरं अस्वल असतं तर फिनाच्या हातात नुसता महागडा हातोडा उरला असता.

"तुझा काही दोष नाही," टॉर्लेफ म्हणाला. "ही आणि ही काडतुसं, जोडाच जमत नाही."

"लोक हसले नाहीत रे," फिना म्हणाली. "हसले असते तरी चाललं असतं. गप्प बसले. आणि झोसिम भावजी म्हणतात कसे, जाऊ द्या वहिनी, मी आहे ना. मला माझी कोठी हवीय, टॉर्लेफ. एक उन्हाळा तरी. पुढच्या रविवारचे टायर शेवटचे, मग होडी सुटणार."

टॉर्लेफनं काउंटरवर मेंढीचं कातडं अंथरलं आणि कपाटातून एकेक जण त्यावर मांडायला सुरुवात केली. मी सगळ्यात शेवटी.

आजवर मला बघायला आलेल्यांनी नळी बघितली होती, चकाकी बघितली होती. फिनानं आधी प्रत्येकीचं चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली. मग मूठ हातात घेऊन डोळे मिटले आणि बोट चापावर कुठवर पोचतं ते चाचपलं. पहिली तर केवढी तरी मोठी होती. फिना म्हणाली, "ही अस्वलालाच द्या, त्याच्या पंजात बसेल." दुसरीची मूठ इतकी फुगीर की चापाला तिच्या बोटाचं नुसतं टोक लागत होतं. "ही मला ओढावी लागणार नाही, विनवावी लागेल," म्हणून तीही बाजूला झाली. तिसरीची नळी आखूड. टॉर्लेफ म्हणाला, "आखूड नळी तोंड वर उडवते." फिनानं ती ठेवून दिली.

मग तिनं मला उचललं. माझं अंग जाड असलं तरी मूठ बारीक आहे. तिचं बोट चापावर अगदी पहिल्या पेरापर्यंत आलं आणि तिथे विसावलं. तिनं मला दोन्ही हातांनी समोर धरलं, दारातून दिसणाऱ्या धक्क्यावरच्या खांबावर नेम धरला, आणि तशीच उभी राहिली. नळी खांबावरून ढळली नाही.

"जड आहे ती," टॉर्लेफ म्हणाला.

"ओल्या जाळ्यापेक्षा?"

"दिवसभर वाहावी लागेल."

"वाहीन की. ओझं वाहायची मला सवय आहे. मार खायची नाही."

टॉर्लेफ मोठ्यानं हसला. त्यानं माझी लाकडी मूठ काढून तिथे मऊ रबराची चढवली, आणि माझ्याच मापाची पण सौम्य काडतुसं तिच्यापुढे ठेवली. "आधी ही. हिची आणि तुझी ओळख होऊ दे. मग जड. आणि जड घेशील ती ही, टरफलाची कड गोळीवर घट्ट आवळलेली. पण नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नकोस. सहातली पाच झाड, सहावं बाहेर काढून बघ. गोळी जागची हलली नसेल तर तुमचं जमलं."

पोरगी दुकानात राहिली आणि मी फिनाच्या पिशवीत गेले. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला पसंत केलं होतं. मला गाता येत असतं तर मी रस्ताभर गायले असते.

त्या संध्याकाळी फिनाच्या स्वयंपाकघरात केंटी तोंड पाडून बसला होता. चुलीत पिरोक भाजत होता, आमच्याकडे मैद्याच्या पारीत मासा, भात आणि कोबी भरून करतात तो.

"माझी भेट परत केलीस," तो म्हणाला.

"केली."

"तुझा हात दुखू नये म्हणून घेतली होती मी."

"ठाऊक आहे रे सोन्या. म्हणून तर दोन गोळ्यांपर्यंत दम धरला. खा आता, आणि उद्या माझ्याबरोबर खाणीत चल. पुठ्ठे कोण चिकटवणार?"

तो हसला आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तो सगळा आठवडा आमचा सणासारखा गेला. सौम्य काडतुसांनी फिनाला माझी खोड कळली आणि मला तिची. ती चाप ओढताना श्वास अर्धा सोडते. जड काडतुसं आली तेव्हा मी माझ्या सगळ्या वजनानिशी तो धक्का अंगावर घेतला आणि तिच्या हातापर्यंत जेवढा कमी जाईल तेवढा जाऊ दिला. एरवी लोक ज्याला नावं ठेवायचे ते माझं जाड अंग तिच्या कामी येत होतं. पाच झाडल्यावर तिनं सहावं काडतूस काढून केंटीला दाखवलं. गोळी जिथल्या तिथे होती. "बघ, कशी बसलीय," ती म्हणाली. मग दोघं घरी जाऊन बान्यात, म्हणजे आमच्याकडच्या वाफेच्या न्हाणीघरात बसली आणि मी खुंटीवर.

रविवारी खाणीत सगळा गाव. टायर सोडायला वर कोण, तर झोसिम. त्यानं आपणहून मागून घेतलेलं काम. त्याच्या मनात काय होतं ते मला आता कळतं. मॅक्सिमला त्यानं शब्द दिला होता की वहिनीला एकटं सोडणार नाही. शिवाय तो बिनलग्नाचा माणूस, उन्हाळ्याचे ते दिवस सोडले तर वर्षभर त्याचं ऐकायला कुणी नसतं. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यानं टायर नुसता सोडला नाही. चांगला दोन पावलं धावत येऊन ढकलला.

टायर उसळत आला. एका दगडावर आपटून हवेत गेला, वाकडा झाला, परत सरळ झाला. पुठ्ठ्यावरचं अस्वल कधी दिसत होतं, कधी नाही. फिना थांबली. मला वाटलं ही विसरली की काय. मग तिनं श्वास अर्धा सोडला.

पहिली गोळी अस्वलाच्या नाकावर. माझी नळी वर उचलली गेली आणि तिच्या हातांनी ती शांतपणे खाली आणली. दुसरी डोळ्याशेजारी. तिसरी तिनं कशाला झाडली कोण जाणे, आनंदानं झाडली असावी. पुठ्ठा फाटून उडाला आणि रिकामा टायर दोरीच्या अलीकडेच कलंडला.

उलियानानं शिट्टी वाजवली. केंटीनं आईला उचललंच, तेव्हा ती ओरडली, "अरे, आधी ही रिकामी करू दे, मग काय नाचायचं ते नाच." वर झोसिम कमरेवर हात ठेवून उभा होता. मग तो हळूहळू उतरून आला, टायर उचलला आणि म्हणाला, "मी जोरात ढकलला होता, वहिनी."

"दिसलं मला."

"तरी लागलं."

"लागलं, भावजी."

त्यानं मान हलवली आणि टायर घेऊन गेला. त्या दिवसापासून मला जाडी म्हणताना लोकांचा सूर बदलला.

मग आम्ही नदीवर आलो. मी फिनाच्या छातीवर असते, चामड्याच्या तिरप्या पट्ट्यात. कमरेला बंदूक लावली तर पाण्यात उतरायच्या उंच बुटांत ती अडकते, म्हणून आमच्याकडे छातीवरच बांधतात. ती मासा कापते तेव्हा मी डुलते, ती लाकडं उचलते तेव्हा मी तिच्या हनुवटीला लागते आणि ती मला शिव्या घालते. तिनं नुसत्या मिठात मासा मुरवला, अल्डरच्या लाकडाचा मंद धूर केला आणि पहिला तुकडा तोंडात टाकून कोठीच्या दारात एकटीच नाचली. खरंच नाचली. तिला वाटलं कुणी बघत नाही.

एका सकाळी ती काठावर मासे धूत असताना झाडीतून अस्वल आलं. तरणंबांड, अंगानं तकतकीत. फिना उभी राहिली, मला बाहेर काढलं. तिच्या हातात मी स्थिर होते.

"हे बघ," ती मोठ्यानं म्हणाली, "वरच्या वळणाला पाणी उथळ आहे, तिथे जा. इथे मी आहे."

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, त्यानं हवेत नाक फिरवलं, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, बाबा रे, जा. मी जड आहे, पण तुझ्या जिवावर उठलेली नाही. ते खाली उतरलं आणि रमतगमत वळणाकडे निघून गेलं. फिना बादली उलटी करून तिच्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिनं इकडेतिकडे बघितलं. हे सांगायला कुणीच नव्हतं. तिनं मलाच सगळं पहिल्यापासून सांगितलं, जसं काही मी तिथे नव्हतेच. मी ऐकलं, पण मी हुंकार कसा देणार?

संध्याकाळी रेडिओवर उलियानाचा आवाज आला. "काय विशेष?"

"एक जण येऊन गेला. देखणा होता."

"गोळी?"

"नाही लागली झाडायला. उलियाना, उद्या होडी इकडे आहे ना? झोसिम भावजींना घेऊन ये."

उलियाना म्हणाली, "अगं, एकटं राहायचं म्हणून एवढा खटाटोप केलास ना?"

"राहता येतं, ते कळलं. आता बोलवावंसं वाटतंय म्हणून बोलावतेय. येतील का विचार."

तो काय येणार नाही? आज दुपारी होडी लागली. मी दाराशेजारच्या खुंटीवर आहे, अंगावर ताजं तेल, नळीवर खाऱ्या वाऱ्याचे दोन डाग, आणि इथून सगळं दिसतंय. माझं म्हणाल तर मागणं फारसं काही नाही. माझ्यासारखी कुणी धूळ खात बसलेली दिसली तर तिला एकदा नीट हातात घेऊन बघा, एवढंच. आणि देव करो, मला शेवटपर्यंत टायरशिवाय दुसऱ्या कशावर चालवायची वेळ कुणावर येऊ नये.

झोसिम पिशवी खांद्याला लावून वर आलाय. कोठीच्या दाराशी तो थांबला. आत माशांच्या रांगा टांगल्यात, मधासारख्या रंगाच्या. त्यानं वास घेतला, तोंड उघडलं, परत मिटलं. एवढा वेळ गप्प राहिलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "सांगा, मी काय करू?"

फिना हात पुसत बाहेर आली.

"आधी बसा, भावजी," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक गंमत सांगायचीय."